जातीबाहेर, धर्माबाहेर प्रेम आणि घरून जिवाची धमकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न जोडप्यांनी विचारलेले आहेत, त्यांच्या मित्रमैत्रिणींनी विचारलेले आहेत, काही आयांनीही विचारलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर 'आता सगळं निवळलंय' हा चौथा प्रश्न आधी वाचा. जीव वाचण्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

१. आम्ही दोघंही सज्ञान आहोत. लग्नाला घरच्यांची परवानगी कायद्याने लागते का?

नाही. मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण असेल, तर आईवडील, भाऊ, भावकी, गाव, समाज यांपैकी कोणाचीही संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २००६ च्या लता सिंह प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की घरच्यांना लग्न पसंत नसेल तर ते फार तर संबंध तोडू शकतात. धमकी, मारहाण किंवा छळ करू शकत नाहीत. २०१८ च्या शफीन जहाँ निकालात आवडीच्या व्यक्तीशी लग्न करण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, धरला गेला.

'कायदा तुमच्या बाजूने आहे' हे ऐकून धीर येतो. पण कायदा दाराबाहेर उभा राहत नाही, त्याला बोलावून आणावं लागतं. ते कसं, हे पुढच्या उत्तरांत आहे.

२. मी १९ वर्षांची आहे आणि तो २० चा. किंवा मी अजून १७ चीच आहे. मग?

पहिल्या परिस्थितीत लग्नाला थांबा, पण संरक्षण आजही मागता येतं. मुलगा २१ चा नसला तरी दोघं सज्ञान आहेत आणि स्वेच्छेने एकत्र राहू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नंदकुमार प्रकरणात मान्य केलं आहे.

दुसऱ्या परिस्थितीत कृपा करून घर सोडून त्याच्याबरोबर जाऊ नका. १८ च्या आत तुमच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. त्याच्यावर अपहरणाचा आणि पोक्सोचा गुन्हा लागेल, तो तुरुंगात जाईल आणि तुमच्या 'मी राजीखुशीने गेले' या जबाबाने तो सुटणार नाही. घरात मारहाण होत असेल किंवा घाईने दुसरीकडे लग्न लावत असतील, तर १०९८ ला फोन करा. वर्ष-सहा महिने थांबणं फार जड जातं, हे आम्ही जवळून पाहतो. तरी थांबा.

३. 'दोघांना तोडून टाकीन' असं भाऊ म्हणतो. रागात बोलतो की खरंच करेल, हे कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक धमकी खरी धरून चाला. काही गोष्टी मात्र जास्त गंभीर समजा. धमकी देणारा एकटा नसून चुलते, मावसभाऊ, गावातली पोरं जमवून बसतो. तुमचा फोन काढून घेतला जातो, कॉलेज किंवा नोकरी बंद होते. त्याच्या घराची, कामाच्या जागेची, गाडीची चौकशी सुरू होते. आणि गावात कोणीतरी वडिलांना रोज डिवचत असतं, 'पोरगी आवरत नाही का तुला?' या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. पण बापाचा किंवा भावाचा स्वतःचा राग कालांतराने उतरू शकतो; चावडीवरच्या टोमण्यांनी तो उतरू दिला जात नाही.

धमकी व्हॉट्सॲपवर आली असेल तर स्क्रीनशॉट काढा, आवाजातली असेल तर रेकॉर्डिंग ठेवा आणि दोन्ही एखाद्या भरवशाच्या माणसाकडे पाठवून ठेवा. फोन हातातून गेला की पुरावाही जातो.

४. लग्नाला काही महिने झाले. आता सगळं निवळलंय. आई फोनवर रडते, म्हणते, 'या, रीतसर लग्न लावून देतो.' जावं का?

नाही. निदान आत्ता नाही, आणि त्यांच्या घरी तर नाहीच.

हे लिहिताना आम्हालाही त्रास होतो, कारण माहेरची ओढ काय असते ते कळतं. बहुतेक आयांचं रडणं खरंच असतं. पण महाराष्ट्रात गाजलेली प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. नाशिकमध्ये २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला तिचा बाप आजी आजारी असल्याचं सांगून घेऊन गेला आणि रिक्षातच तिचा गळा आवळला. कोल्हापुरात २०१५ च्या डिसेंबरात भाऊ बहिणीकडे पाहुणे म्हणून आले आणि तिला व तिच्या नवऱ्याला मारून गेले. वैजापूर तालुक्यात २०२१ च्या डिसेंबरात आई आणि भाऊ भेटायला आले. मुलगी शेतातून धावत घरी आली, त्यांना पाणी दिलं, चहा ठेवायला गेली आणि भावाने कोयता चालवला. तीही गरोदर होती. त्याआधी, २०१३ च्या पहिल्याच दिवशी, नगर जिल्ह्यातल्या सोनईत प्रेमप्रकरणाच्या रागातून तीन दलित तरुण मारले गेले. त्यांना शौचालयाच्या टाकीचं काम आहे म्हणून बोलावून नेलं होतं.

यांपैकी कोणाच्याही मागे कोणी कोयता घेऊन रस्त्याने धावलं नव्हतं. बोलावणं आलं होतं, किंवा पाहुणे आले होते. जोडपी पळतात तेव्हा सावध असतात. घात होतो तो सावधपणा सुटल्यावर, बहुधा मुलीला दिवस गेल्याची बातमी माहेरी पोचल्यानंतर. आपल्या हातचं पाणी प्यायलेला माणूस आपल्याला मारेल, असं कोणाच्याही मनात येत नाही. नेमकं तेच मारणाऱ्याला माहीत असतं.

मग कायमचं तोडायचं का? तसंही नाही. समेट खरा असेल तर तो तुमच्या अटींवर व्हायला घरच्यांची हरकत नसते. पहिली भेट पोलीस ठाण्यात, वकिलाच्या कार्यालयात किंवा एखाद्या संस्थेत ठेवा. दोघांनी एकदम जाऊ नका, आणि मुलीने एकटीने तर अजिबात नको. कुठे चाललो, कोण येणार, परत कधी येणार हे तिसऱ्या माणसाला लिहून पाठवा. घराचा पत्ता सांगू नका. अंत्यदर्शन, आजारपण, बहिणीचं लग्न, जमिनीच्या कागदावर सही अशा कारणांनी घाईचं बोलावणं आलं तर आधी दुसऱ्या नातेवाइकाकडून खातरजमा करा. आई खरोखर आजारी असेल तर तिला दवाखान्यात भेटता येतं, पोलीस सोबत घेऊन भेटता येतं. 'पोलीस कशाला मध्ये?' म्हणून जे चिडतात, त्यांच्याकडे जाऊ नका.

असं किती दिवस? आम्ही तारीख सांगत नाही. बाळ झालं की सगळं ठीक होतं, हा समज मात्र सोडा.

५. आधी पोलिसांकडे जावं की आधी लग्न करावं?

धमकी आलेली असेल तर लग्नाआधीच अर्ज द्या. संरक्षण फक्त विवाहितांना मिळतं, हा गैरसमज ठाण्यातल्या काही कर्मचाऱ्यांचाही असतो. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्न करू इच्छिणारी आणि लग्न झालेली, दोन्ही जोडपी धरली आहेत. त्या निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा असावा असं सांगितलं. तक्रार आल्यावर अपर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने धमकीची प्राथमिक चौकशी करून आठवड्यात अहवाल द्यायचा आहे. जोडप्याला संरक्षण देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाईही सांगितली आहे. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये याची कार्यपद्धती काढली, निकालानंतर जवळपास पावणेसात वर्षांनी. तेवढ्या काळात किती जीव गेले, याचा राग आम्ही लपवत नाही.

अर्ज शक्यतो थेट पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. गावच्या ठाण्यात ठाणे अंमलदार तुमच्या काकांचा ओळखीचा निघतो, आणि अर्ज देऊन बाहेर पडेपर्यंत घरी फोन गेलेला असतो. ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही एक प्रत पाठवा.

६. अर्जात नेमकं काय लिहायचं?

प्रेम कसं जुळलं ते नको. पुढच्यासारखा सरळ मजकूर चालतो:

'मा. पोलीस अधीक्षक यांस. आम्ही दोघे सज्ञान असून वयाचे पुरावे सोबत जोडले आहेत. आम्ही स्वेच्छेने विवाह करणार आहोत / केला आहे. आमच्यावर कोणाचाही दबाव नाही. अर्जदार क्र. १ चे वडील, भाऊ व चुलते (नावे, पत्ते, फोन नंबर) यांनी दि. … रोजी … येथे / फोनवरून जिवे मारण्याची धमकी दिली. अर्जदार क्र. २ चे आईवडील … येथे राहतात, त्यांनाही धोका आहे. आमच्याविरुद्ध हरवल्याची किंवा अपहरणाची तक्रार आल्यास आमचा जबाब आम्ही आहोत त्या ठिकाणी घ्यावा आणि आमचा पत्ता कोणालाही देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या शक्ती वाहिनी (२०१८) निकालाप्रमाणे आम्हास संरक्षण व निवारा मिळावा.'

खाली दोघांच्या सह्या, तारीख आणि धमकीच्या पुराव्यांची यादी. मुलाच्या आईवडिलांचा उल्लेख विसरू नका. जोडपं सापडलं नाही की राग त्यांच्यावर निघतो.

७. पोलिसांनी फक्त एनसी घेतली. याचा उपयोग काय?

जिवे मारण्याच्या धमकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ (३) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी ठाण्यात बहुतेक वेळा अदखलपात्र नोंदच होते. ती नोंदही सांभाळून ठेवा, पुढे उच्च न्यायालयात कामी येते. सोबत दोन मागण्या लेखी करा : धमकी देणाऱ्यांवर चॅप्टर केस करून शांततेचं बंधपत्र घ्यावं, आणि प्रकरण जिल्ह्याच्या विशेष कक्षाकडे पाठवावं. हत्याराने किंवा गंभीर दुखापत होईल अशी मारहाण, कोंडून ठेवणं, पाठलाग असं काही झालं असेल तर ते स्पष्ट लिहा, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागेल. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी 'झिरो एफआयआर' कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

तरीही दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात संरक्षणाची याचिका. मुंबईत मुख्य न्यायपीठ आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा इथे खंडपीठं आहेत; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्यामुळे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या जोडप्यांचा मुंबईचा फेरा वाचतो. वकिलाच्या फीसाठी अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

८. घरच्यांनी 'मिसिंग' दिली आहे. ठाण्यातून फोन येतो, 'या, जबाब देऊन जा.' गेलंच पाहिजे का?

जबाब देणं आवश्यक आहे. तो घरच्यांच्या गावच्या ठाण्यातच द्यावा, हे आवश्यक नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या मुरगोड ठाण्याच्या अशाच प्रकरणात मुलगी लग्न करून दूर गेली होती आणि तपास अधिकारी तिला परत येऊन जबाब दे म्हणत होता. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला चांगलंच सुनावलं : दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर घरच्यांची, समाजाची संमती लागत नाही, आणि अशी प्रकरणं हाताळायला पोलिसांना प्रशिक्षण द्या.

म्हणून तुम्ही जिथे आहात तिथल्या जवळच्या ठाण्यात वकिलासह जाऊन जबाब द्या आणि तो मूळ ठाण्याकडे पाठवायला सांगा. आणखी पक्कं करायचं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब द्या, म्हणजे तो दबावाखाली दिला असं पुढे म्हणता येत नाही. जबाब झाल्यावर पोलीस सज्ञान मुलीला आईवडिलांच्या 'ताब्यात' देऊ शकत नाहीत. 'एकदा आईशी बोल, समजूत काढ' म्हणून तिला घरच्यांबरोबर बंद खोलीत बसवलं जातं. तिथे ठामपणे नाही म्हणा. ठाण्याच्या आवारातून घरच्यांच्या गाडीत बसू नका, कोणी पाया पडलं तरी.

९. लग्न कुठल्या कायद्याने करावं? आळंदीला जाऊन एका दिवसात होतं म्हणतात.

दोघं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांपैकी असतील तर जात कुठलीही असो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं. मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा हे लग्नही यात बसतं. नोटीस नाही, थांबणं नाही. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी पुरेसा आहे. आळंदीत, आर्य समाजात किंवा वैदिक पद्धतीने लग्न लावून देणाऱ्या कार्यालयांत हेच होतं. फक्त विधी खरोखर करा, फोटो काढा, साक्षीदार ठेवा आणि लगेच विवाह नोंदणी करून घ्या. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न हिंदू विवाह कायद्याने वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. पैसे घेऊन नुसता कागद देणाऱ्यांपासून दूर राहा.

धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. यात कोणालाही धर्म बदलावा लागत नाही, आणि आमचं कळकळीचं सांगणं आहे की लग्नासाठी बदलूही नका. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात यांसारख्या राज्यांत लग्नासाठीच्या धर्मांतरावर कडक कायदे आहेत. बाकीच्या ठिकाणीही धर्मांतर झालं की कुटुंबाच्या भांडणात बाहेरच्या संघटना उतरतात आणि धोका वाढतो.

गोव्यात लग्नाची नोंद नागरी निबंधकापुढे दोन टप्प्यांत होते, मधल्या दिवसांची सोय आधी लावा.

१०. विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस घरी जाते का?

घरी पत्र पाठवण्याची तरतूद कायद्यात नाही. पण नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते, आणि तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाऊन तिथे लागते. म्हणजे पुण्यात नोटीस दिली तरी बीडमध्ये कळू शकतं. जिवावर उठलेल्या घरापासून पळालेल्या जोडप्याची नावं, पत्ते महिनाभर भिंतीवर लावणारी ही तरतूद आम्हाला अन्यायाची वाटते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण महाराष्ट्रात ती लागते असं धरूनच बेत करा.

दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. मग नोटीस, मग ३० दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आक्षेप कोणीही घेऊ शकतं, पण कारण कायद्यातलंच हवं : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता. 'आमची जात वेगळी', 'आमची संमती नाही' हा आक्षेप होत नाही.

नोटीस देऊन घरी परत जाऊन राहणं, ही चूक करू नका. नोटीस द्यायच्या दिवशीच पोलीस अर्ज द्या आणि महिनाभर राहायची जागा आधी ठरवा.

११. राहायचं कुठे? मित्राच्या खोलीवर किती दिवस काढणार?

शक्ती वाहिनी निकालाप्रमाणे सुरक्षित निवाऱ्यात नाममात्र शुल्कात आधी एक महिना, मग धोका पाहून महिन्या-महिन्याने वाढवत जास्तीत जास्त वर्षभर राहता येतं. विशेष कक्षाकडे लेखी मागणी करा. साताऱ्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा जोडप्यांसाठी निवारा उभा केला आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या काळापासून समिती आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना आधार देत आली आहे आणि तिचे कार्यकर्ते जवळपास प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. नातेवाइकाकडे राहायचं असेल तर घरच्यांना माहीत नसलेला नातेवाईक निवडा. ज्याच्याकडे गेलात हे पहिल्या तासात कोणाच्याही लक्षात येईल, तो चुकीचा माणूस.

१२. घरातून निघताना काय घ्यावं?

कागद. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र, पदवीची कागदपत्रं, बँकेचं पासबुक. हे सगळं एकदम नाहीसं झालं तर संशय येतो, म्हणून झेरॉक्सच्या, फॉर्म भरण्याच्या निमित्ताने थोडं थोडं बाहेर काढा.

दागिने घेऊ नका. आजीने तुमच्याच नावाने केलेली बांगडीसुद्धा नको. 'घरातून सोनं आणि रोकड घेऊन पळाली' ही तक्रार हमखास येते आणि चोरीच्या गुन्ह्यात मुलगा अडकतो. निघताना चिठ्ठी ठेवा : मी सज्ञान आहे, स्वेच्छेने जाते आहे, सोबत फक्त माझे कागद नेते आहे. त्याचाच एक छोटा व्हिडिओ भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

आणि फोन. सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते बंद. घरच्या कॉम्प्युटरवर तुमचं जीमेल उघडं असेल तर नकाशावर तुम्ही कुठे आहात ते दिसतं. वडिलांच्या मोबाइलला जोडलेल्या खात्यातून चहाचे दहा रुपये यूपीआयने दिलेत तरी मेसेज त्यांना जाऊ शकतो. मित्राने घरची गाडी आणली असेल तर प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगचा मेसेज त्याच्या वडिलांच्या फोनवर वाजतो. नवीन ईमेल, स्वतःच्या नावाचं सिम, स्वतःचं बँक खातं हे सगळं निघायच्या बऱ्याच आधी करून ठेवा.

१३. तिला घरात कोंडून ठेवलं आहे. फोन बंद आहे. मी काय करू?

तिच्या दारात जाऊ नका. मित्र जमवून तर मुळीच नको. अशा वेळी एक दगड उडाला तरी तुम्ही आरोपी होता आणि ती आणखी दूर नेली जाते. ११२ ला फोन करून नोंद करा, महिला हेल्पलाइन १८१ ला कळवा. वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागता येतं किंवा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. न्यायालय तिला समोर बोलावून तिची इच्छा विचारतं. तिचे मेसेज, एकत्र फोटो, तिने लिहिलेलं काहीही असेल तर ते उपयोगी पडतं.

आणि ती न्यायालयात 'मला घरीच राहायचं आहे' म्हणाली, तर? दबाव असू शकतो, तसं वकिलाला जरूर सांगा. पण तिने मोकळेपणी तसं सांगितलं असेल तर तो तिचा निर्णय आहे आणि तुम्ही तिथे थांबायचं आहे.

१४. मुलगा दलित आहे. तिच्या घरचे त्याच्या आईवडिलांना धमकावत आहेत.

अशा नात्यात सगळ्यात जास्त जीव धोक्यात कोणाचा असतो, हे सोनई आणि खर्डा या गावांची नावं सांगतात. २०१४ मध्ये खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाला तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलला या संशयावरून मारून टाकण्यात आलं. म्हणून नियोजन मुलाच्या घरापासून सुरू करा. त्याचे आईवडील तिच्या घरच्यांच्याच शेतात मजुरीला जात असतील, त्यांच्याच विहिरीवर पाणी भरत असतील, तर त्यांना काही काळ तिथून हलवणं हाच पहिला उपाय आहे.

धमकी देणारे अनुसूचित जाती-जमातीचे नसतील तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, अटकपूर्व जामिनाला कायद्यातच मनाई आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन यांचे हक्क मिळाले आहेत. ते मागावे लागतात, आपणहून कोणी देत नाही.

१५. जात पंचायतीने आमच्या घराला वाळीत टाकलं आहे, दंड मागतात.

दंड भरू नका. नाशिकच्या त्या गरोदर मुलीच्या खुनानंतर जात पंचायतींविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाला, मयताला येऊ न देणं, व्यवहार तोडणं, देवळात अडवणं हे सगळं यात येतं. बैठक कुठे झाली, कोण पंच होते, काय 'निवाडा' दिला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

१६. 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणतात. काय उत्तर द्यावं?

वाद घालण्यात जीव धोक्यात घालू नका, पण स्वतःच्या मनाला उत्तर हवं असेल तर ते इथल्याच मातीत आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांनी (अनुयायांनी) कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणमध्ये, चर्मकार हरळय्यांच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीचं लग्न लावलं. बिज्जल राजाने दोघांच्या वडिलांना मृत्युदंड दिला, असं शरण परंपरा सांगते. त्या लग्नात दोन्ही बाप मुलांच्या बाजूने उभे राहिले होते, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी तसा विवाह केला. ही संस्कृती परक्या कोणाची नाही.

१७. लग्नानंतर माझी जात, माझा वाटा, यांचं काय होतं?

जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतः आहे आणि जातीबाहेर लग्न केल्याने तो जात नाही. फक्त हिंदू व्यक्तीने दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. वारशाचे नियमही बदलतात, तेव्हा आधी वकिलाला विचारा. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. 'हक्कसोडपत्रावर सही कर, मग तुला सोडतो' असा सौदा पुढे आला तर एकट्याने दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊ नका.

एक जण अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर राज्याच्या योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात.

१८. धमकी घरून नाही, तोच देतो. 'सोडलंस तर फोटो टाकीन, ॲसिड टाकीन' म्हणतो.

मग वर लिहिलेलं काहीही त्याच्यासाठी नाही. तुम्ही 'नाही' म्हटल्यावर मागे लागणं हा गुन्हा आहे. ११२ किंवा १८१ ला फोन करा आणि शक्य असेल तर घरात निदान एका माणसाला सांगा. घरी कळेल या भीतीवरच त्याची धमकी उभी असते.

१९. आम्ही दोघी मुली आहोत. हे आम्हाला लागू होतं का?

लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने समलिंगी जोडप्यांना दिला नाही. पण सज्ञान व्यक्तींना एकत्र राहण्याचा, घरच्यांच्या हिंसेपासून संरक्षण मागण्याचा हक्क आहे. अशा याचिकांत न्यायाधीशांनी 'समुपदेशन' करून मुलीचं मन वळवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. पोलीस अर्ज, जबाब, निघण्याची तयारी सगळं वरच्याप्रमाणेच.

२०. मी मुलीची आई आहे. माझा मुलगा आणि दीर तिला सोडणार नाहीत. मी काय करू शकते?

ताई, हा प्रश्न विचारलात यातच खूप काही आहे. तुम्हाला तिचं लग्न पसंत असायची गरज नाही. फक्त तिचा पत्ता तुम्हाला माहीत असेल तर तो घरात कोणाला सांगू नका. तुमच्याकडून तिला फोन लावून घेतील, 'रड तिच्यापुढे' म्हणतील, ते करू नका. तिच्याशी एक खूण ठरवून ठेवा, म्हणजे तुम्ही फोनवर विशिष्ट शब्द बोललात तर तिने समजावं की यायचं नाही. घरात बैठका सुरू झाल्या, कोणी हत्यार आणलं, कोणी तिच्या गावी निघालं, तर ११२ ला फोन करा. शेजारणीच्या फोनवरून केला तरी चालतो. मुलाविरुद्ध फोन कसा करू, असं वाटेल. पण त्याने बहिणीला मारलं तर तोही जन्मभर तुरुंगात जाईल. त्या एका फोनने दोन्ही लेकरं वाचतात.

नवऱ्याचं मन थोडंही हललेलं दिसलं तर त्यांना गावच्या टोमण्यांपासून काही दिवस दूर न्या. लेकीच्या लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांनी नातवाला कडेवर घेतलेले बापही आहेत.

२१. मी त्यांचा मित्र आहे. साक्षीदार म्हणून सही केली तर माझ्यावर केस होईल का?

दोघं सज्ञान असतील तर साक्षीदार होणं हा गुन्हा नाही. सही करण्यापूर्वी दोघांचे वयाचे मूळ दाखले स्वतः पाहा, फोटोवर विश्वास ठेवू नका. मुलीला एकदा एकटीला विचारा, 'तुला खरंच करायचंय ना?' तिचा पत्ता शक्यतो विचारूच नका. जो तुम्हाला माहीत नाही तो तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. साक्षीदारांचं नाव-पत्ता नोंदणीच्या कागदावर येतो, म्हणून तिच्या गावात राहणाऱ्याने सही करण्यापेक्षा बाहेरगावच्या कोणी करावी. पोलिसांनी बोलावलं तर जा, खरं सांगा, पण आधी वकिलाला कळवा. आणि लग्नानंतरही महिन्यातून एकदा त्यांना फोन करत राहा. नव्या शहरात, दोन्ही घरं तुटलेली असताना, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याला रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा, हा प्रश्न धमकीइतकाच रोजचा असतो.